झोळी, भेद आणि पहिला वार

लढाईच्या गोष्टीत श्रोत्याला सर्वांत जास्त आवडते ती चकित होण्याची जागा, आणि सांगणारा सर्वांत जास्त फसतो तोही तिथेच. दोन पक्ष समोरासमोर उभे आहेत, कुणाचे बळ किती याचा अंदाज आलेला आहे, आणि अचानक एकाच्या अस्तनीतून असे काही निघते की सारे पारडे फिरते. ते मंत्र असेल, झोळीतली एखादी चीज असेल, लपवलेले हत्यार असेल, नाहीतर कुणाला ठाऊक नसलेले एखादे नाव असेल. श्रोता एकतर 'वाहवा' म्हणतो, नाहीतर 'ही लबाडी झाली' म्हणून तोंड फिरवतो. या दोन्हींत फरक नेमका कशाने पडतो? आपल्याकडे वीररसाची चर्चा भरपूर झाली. या प्रश्नाची चर्चा आमच्या वाचनात फारशी आलेली नाही.

प्रश्न वरवर तंत्राचा वाटतो. सातारा-सांगलीच्या मुलखात मात्र तो जिव्हाळ्याचा आहे. भेदिकाचे सवाल-जवाब याच मुलखात रंगले, कुस्तीचे फड इथेच गाजले, आणि लपवलेल्या हत्याराची मराठीतली सर्वांत प्रसिद्ध कथा घडली तीही साताऱ्याच्याच डोंगरात. शिवाय आपण मुस्लिम मराठी लेखक म्हणून जी कथा लिहितो, तिच्यात 'शेवटी उलगडणारे गुपित' हे हत्यार इतके वापरात आले आहे की त्याची धार एकदा तपासून पाहणे आवश्यक झाले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

१

सुरुवात थोडी दूरून करू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कुणी तलवारबहाद्दर, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो, शत्रूंची पात्रे वठवतो आणि पंच म्हणून निवाडाही देतो. काय घडले ते फासे टाकून ठरते. म्हणजे हा एका परीने सामुदायिक दास्तानच. फरक एवढाच की श्रोतेच त्यात पात्रे झालेले असतात.

या खेळात भांडणे लागतात ती बहुधा दोन जागी. एक, अचानक हल्ला. 'आम्ही झुडपाआड लपलो होतो, त्यांना दिसलोच नाही, म्हणून पहिला वार आमचा.' दुसरी, छुपी जादू. 'मी मनातल्या मनात मंत्र टाकला, त्यांना कळणारच कसा?' खेळ लिहिणाऱ्यांना या भांडणांवर कायदा करावा लागला. २०१४ च्या नियमपुस्तकात असे आहे की लपणाऱ्याची चोरपावले आणि समोरच्याची सावधगिरी यांची तुलना करावी. जो खरोखर गाफील सापडला त्याची पहिली पाळी वाया जाते. पुढे हा दंड फार कठोर वाटला असावा. २०२४ च्या सुधारित पुस्तकात गाफिलाची पाळी जात नाही, फक्त कुणाची पाळी आधी हे ठरवताना त्याची बाजू दुबळी धरतात.

जादूचा कायदा याहून मार्मिक आहे. मंत्राला उच्चार लागतो, हातांची मुद्रा लागते किंवा काही साहित्य लागते. यांपैकी काही ना काही दिसते अथवा ऐकू येते, म्हणूनच समोरच्या जादूगाराला तो मंत्र तोडण्याची संधी मिळते. ज्याला उच्चार आणि मुद्रा दोन्ही गाळून गुपचूप मंत्र टाकायचा आहे त्यालाही मुभा आहे, पण त्यासाठी त्याला आपल्या शक्तीच्या मोजक्या साठ्यातून खर्च करावा लागतो. फुकटची गुप्तता नाही.

पन्नास वर्षांच्या वादावादीतून या खेळाने जे काढले ते आम्हाला तीन शब्दांत मांडता येईल : खूण, संधी आणि किंमत. लपवलेल्या गोष्टीची कुठेतरी खूण असली पाहिजे. समोरच्याला ती ओळखण्याची संधी असली पाहिजे. आणि लपवणाऱ्याने त्याची काही किंमत मोजली पाहिजे. हे तिन्ही असेल तर चकित करणे हा डाव. नसेल तर ती लबाडी. गंमत अशी की ज्यांनी कधी नियमपुस्तक पाहिले नाही त्या आपल्या शाहिरांना आणि दास्तानगोंना हा कायदा कानाने ठाऊक होता.

२

आधी कुस्तीकडे पाहू, कारण तिच्यात लपवायला जागाच नाही. अंगावर लंगोट आणि माती. पंच हाताच्या अंतरावर, आणि चारी बाजूंनी हजारो डोळे. तरीही कुस्तीत चकवा आहे. खांद्याची हूल देऊन पायाला हात घालणारा, मागे सरतोय असे भासवून धोबीपछाड मारणारा मल्ल प्रेक्षकाला उभा करतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आले, सांगलीच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. या मातीतल्या माणसाला डाव कशाला म्हणतात हे समजावून सांगावे लागत नाही. सगळे उघड्यावर असूनही अचंबा शक्य आहे, ही कुस्तीने दिलेली शिकवण लेखाच्या शेवटी आम्हाला पुन्हा लागणार आहे.

आता कलगी-तुरा. १९४९ साली सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावर दोन जिल्हे झाले, तरी भेदिकाचा मुलूख एकच राहिला. पुसेसावळीचे हैबती हे या रचनेतले मोठे नाव. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) याच पट्ट्यातले. जत्रेच्या रात्री दोन फड समोरासमोर बसतात. कलगीवाले शक्तीला, मायेला श्रेष्ठ मानणारे. तुरेवाले शिवाला, पुरुषाला. एका बाजूने सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूने जवाब द्यायचा, आणि जवाबाबरोबर उलट सवालही टाकायचा. लढाईच ती, तलवारीच्या जागी डफ आणि तुणतुणे.

या लढाईतले शब्द आपल्या वाचकाने जरा कान देऊन ऐकावेत. सवाल, जवाब, शाहीर, डफ, तुरा, कलगी. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द शिव आणि शक्तीच्या वादात असे मुरले आहेत की वेगळे काढता येत नाहीत. या परंपरेच्या उगमाची आख्यायिकाही तशीच. तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर या दोघांचा वाद रंगला आणि चंदेरीच्या राजाने खूश होऊन एकाला तुरा, दुसऱ्याला कलगी दिली, असे सांगतात. आख्यायिकेचा इतिहास म्हणून पुरावा मागू नये. परंपरेने स्वतःची जन्मकथा सांगताना एक गोसावी आणि एक फकीर निवडला, आणि राजाने दोघांनाही मान दिला, हे मात्र ध्यानात घ्यावे. पेशवाईच्या अखेरचे नामवंत शाहीर सगनभाऊ मुसलमान होते आणि शिकलगार होते. हत्यारांना धार लावणाऱ्याच्या घरात शब्दाला धार लावणारा जन्मला.

भेदिक म्हणजे ज्यात भेद आहे, गुपित आहे असे कवन. शाहीर सवाल टाकतो : एका वाड्याला नऊ दारे, आत धनी एकटा, दारे सारी उघडी तरी धनी बाहेर पडत नाही, आणि पडला की परतत नाही. हा वाडा कुठला? जाणकार श्रोता 'नऊ' या आकड्यावर थबकतो. नऊ दारांचा वाडा म्हणजे देह, धनी म्हणजे जीव. पाहा, गुपित आहे पण खूण सवालातच आहे. पाळी समोरच्याची आहे, म्हणजे संधी आहे. आणि किंमत? ज्याने सवाल टाकला त्याच्यापाशी जवाब असलाच पाहिजे. समोरचा हरला आणि 'मग तूच सोडव' म्हणाला, की सवाल टाकणाऱ्याला भेद उकलावा लागतो. तिथे तो अडखळला तर हार त्याची, आणि हसे वेगळेच.

उलट, एखादा शाहीर असा सवाल टाकतो की ज्याला खूणच नाही. अमक्या राजाच्या घोड्याच्या शेपटीत केस किती? हा भेद नव्हे, ही अडवणूक. जाणता श्रोता यावर डफ वाजू देत नाही. भेदिकाला लेखी नियमपुस्तक नसेल, पण पंच होता. मैदानात मांडी घालून बसलेला, तंबाखू मळणारा, रात्रभर जागणारा पंच. म्हणूनच उत्तर पाठ असूनही माणसे तेच भेदिक पुन्हा ऐकत आली. उत्तर कळले तरी जे संपत नाही ते कोडे चांगले, हा निकष आम्ही इथूनच उचलतो.

३

भेदिकात जादू शब्दांची आहे. खरोखरीची जादू आणि खरोखरीची लढाई पाहायची तर अमीर हमजाच्या दास्तानकडे जावे लागते. अकबराने सोळाव्या शतकात या दास्तानची सुमारे चौदाशे चित्रे काढवून घेतली. पुढे लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने १८८३ पासून ती उर्दूत छापायला घेतली आणि खंडांची संख्या शेचाळिसांवर गेली. त्यांतला 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा भाग महंमद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांनी रचला. आपल्या पिढीला अय्यार हा शब्द १९९४ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'चंद्रकांता'मुळे परिचयाचा झाला. देवकीनंदन खत्रींच्या त्या हिंदी कादंबरीचे गोत्रही हेच.

या दास्तानची रचना पाहिली तर चकित करण्याचा सारा कायदा दोन माणसांत वाटून दिलेला दिसतो. एक हमजा, दुसरा त्याचा जिवलग अमर अय्यार. हमजाचा नेम असा की पहिला वार आपण करायचा नाही, पळणाऱ्याचा पाठलाग करायचा नाही, शरण आलेल्याला मारायचे नाही. समोरच्याला आधी घाव घालू द्यायचा, मग आपला हात दाखवायचा. त्याच्या लढाईत लपवलेले काही नाही. अमर मात्र सारा लपवालपवीचाच माणूस. वेष पालटणारा, बेशुद्धीची पूड फुंकणारा, कमंद टाकून तटावर चढणारा. त्याच्यापाशी झंबील नावाची झोळी आहे. तिच्यात दुनियाभराचे सामान मावते. अंगावर घेतली की माणूस दिसेनासा होतो अशी गलीम आहे. होशरुबात जादूगार बलाढ्य आहेत आणि समोरासमोरच्या झुंजीत त्यांच्यापुढे कुणाचे चालत नाही, म्हणून तिथे तलवारीपेक्षा अय्यारीला काम जास्त.

म्हणजे एकाच फौजेत एक उघडा आणि एक झाकलेला. दास्तानगो दोघांवरही सारखीच माया करतो. श्रोत्याला अमर लबाड वाटत नाही, आवडतो. का? कारण झोळीची ओळख आधीच करून दिलेली असते. ती कुणी दिली, तिचा उपयोग काय, हे श्रोत्याला ठाऊक असते. कधी दास्तानगो श्रोत्यालाही घटकाभर अंधारात ठेवतो. दरबारात आलेली गाणारीण खरी कोण हे मागाहून उलगडते. पण 'अय्यार कुठल्याही रूपात येऊ शकतो' हे आधी सांगून झालेले असते, म्हणून श्रोता प्रत्येक नव्या चेहऱ्याकडे संशयाने पाहू लागतो, आणि ओळख बरोबर निघाली की त्याला स्वतःच डाव मारल्याचा आनंद होतो.

समोरच्या बाजूलाही संधी आहे. जादूगारांचा बादशहा अफरासियाब याच्यापाशी सामरीची किताब आहे. ती उघडली की छुपे काय चालले आहे ते कळते. त्याच्या पदरी अय्यारणीही आहेत; सरसर ही त्यांची म्होरकी, आणि ती अमरच्या तोडीस तोड. आणि सर्वांत सुंदर नियम तो जादूगाराच्या मरणाचा. जादूगार मेला की अंधार दाटतो, गदारोळ उठतो आणि आवाज येतो : माझे नाव अमुक होते. त्याला गुपचूप मारले असले तरी त्याचे मरण गुपचूप राहत नाही. मारणाऱ्याला तो आवाज ऐकूनच पुढचे पाऊल टाकावे लागते, कारण आता त्याचा वेष उघडा पडणार असतो. ही झाली किंमत. आमच्या मते जगभरच्या जादूच्या कथांत याहून न्यायी नियम क्वचितच सापडेल. ज्याला तुम्ही फसवून मारले, त्याचे नाव तुम्हाला ऐकावे लागते.

४

आता साताऱ्याच्या डोंगरात येऊ. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि विजापूरचा सरदार अफझलखान यांची भेट झाली आणि त्या भेटीत खान मारला गेला. घटनेचा न्यायनिवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. ते इतिहासकारांचे काम. आमचा प्रश्न समीक्षेचा आहे. लपवलेले हत्यार आणि अचानक वार ही गोष्ट सांगणाऱ्यांनी कशी सांगितली?

१६९७ च्या सभासद बखरीत कथनाची शिस्त कडक आहे. भवानीने दिलेला दृष्टांत आधी येतो. मग भेटीला निघताना महाराजांनी अंगात काय घातले, हातात काय लपवले, हे सभासद भेटीच्या आधी सांगतो. चिलखत, बिचवा, वाघनख. श्रोत्याला काही ठाऊक नाही असे राहत नाही. भेटीत खान मान काखेत दाबतो आणि जमदाड चालवतो. ती चिलखतावर खरखरते. मग उलटा वार. म्हणजे हमजाचा आणि अमरचा, दोघांचाही कायदा इथे एकाच माणसात उतरलेला आहे : झाकलेले हत्यार अय्याराचे, आणि पहिला वार समोरच्याला देणे हमजाचे. सभासदाने दास्तान ऐकली होती असे आम्हाला म्हणायचे नाही. चांगल्या सांगणाऱ्याला तीच गरज जाणवते, एवढेच.

कवींद्र परमानंदाच्या संस्कृत 'शिवभारता'त याच प्रसंगी भर तलवारीवर आणि देवीच्या कृपेवर आहे. अज्ञानदासाच्या पोवाड्याचा रंग आणखी वेगळा. उलट बाजूला, औरंगजेबानंतरच्या काळात लिहिणारा खाफीखान दगा महाराजांच्या पदरात टाकतो. साताऱ्यास १८१८ ते १८२२ रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली आपला इतिहास प्रसिद्ध केला. त्यातही पहिला वार महाराजांचा. म्हणजे सगळा वाद येऊन थांबतो तो दोनच प्रश्नांवर : कुणी काय लपवले होते, आणि पहिला वार कुणाचा? टेबलावरच्या खेळात पोरे ज्यावर भांडतात, त्याच दोन प्रश्नांवर इतिहासकार साडेतीनशे वर्षे भांडत आहेत.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून ग्रँट डफच्या घराण्याकडची वाघनखे काही काळासाठी साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती त्या दिवशी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे संग्रहालयाच्याच नोंदीत आहे. तरी माणसांनी रांगा लावल्या. त्यात आम्हाला नवल वाटत नाही. लपवलेले हत्यार एकदा डोळ्यांनी पाहावे ही श्रोत्याची जुनीच ओढ आहे. झंबील कुठे ठेवली असती तर तीही पाहायला आपण गेलो असतो.

प्रश्न उभा राहतो तो गोष्टीचे चित्र झाल्यावर. बखरीला आधी आणि नंतर असते. चित्राला एकच क्षण असतो. वार बसल्याचा क्षण रंगवला की त्याआधीची जमदाड जाते, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता हे जाते, महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता हे जाते, खानाची कबर त्याच गडाच्या पायथ्याशी बांधली गेली हेही जाते. उरतात दोन पोशाख, आणि पाहणारा त्यांना दोन धर्म समजतो. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात मिरजेत एका कमानीवरच्या अशाच चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली, आणि झळ सांगलीपासून इचलकरंजीपर्यंत पोहोचली. जिथे शिकलगारांनी हत्यारांना धार लावणे सोडून सतार-तंबोरे घडवले, त्या गावात हे घडले. दगड उचलणाऱ्या कोणत्याही हाताची आम्ही तरफदारी करीत नाही. समीक्षक म्हणून इतकेच म्हणतो की गोष्ट सांगणे जिथे संपते आणि गोष्टीचा एक तुकडा फडकवणे जिथे सुरू होते, तिथे खूण, संधी आणि किंमत या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात. बखरीतला खान प्रतिस्पर्धी होता. कमानीवरचा खान शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याचे साधन झाला.

५

दुसऱ्यांच्या चित्रांविषयी बोलणे सोपे आहे. आता आपल्या कथेकडे वळू.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर आपल्या माणसांनी मराठीत पुष्कळ कथा लिहिल्या. त्यांत एक साचा वारंवार भेटतो. दंगलीची रात्र आहे. एक कुटुंब अडकले आहे. अंधारात एक अनोळखी माणूस दार उघडतो, पोरांना दूध देतो, दारावर आलेल्या जमावाला परतवतो. सकाळी निघताना पाहुणा नाव विचारतो, आणि शेवटच्या ओळीत उत्तर येते : सलीम. गोष्ट संपली. मुस्लिमेतर लेखकांच्या दिवाळी अंकांतल्या कथांतही हाच साचा आहे. आपण तो तिथूनच उचलला की त्यांनी आपल्याकडून, हा वाद निष्फळ आहे.

या साच्यामागचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण आपल्या कसोट्या लावून पाहू. खूण? नाही, लेखकाने मुद्दाम साऱ्या खुणा पुसलेल्या असतात. त्या घरात नमाजाची चटई नाही, भिंतीवर आयत नाही, घरातली बाई 'अम्मी' म्हणत नाही. म्हणजे गुपित राखण्यासाठी आधी त्या माणसाचे घर लुटले जाते. संधी? वाचकाला ओळखण्याची नाही. आणि किंमत? ती लेखक मोजत नाही, सलीम मोजतो. शेवटच्या ओळीचा धक्का बसायचा असेल तर वाचकाने 'असा भला माणूस मुसलमान असणार नाही' असे आधी गृहीत धरलेले असले पाहिजे. म्हणजे कथा ज्या पूर्वग्रहाविरुद्ध लढायला निघाली, त्याच पूर्वग्रहाच्या भांडवलावर ती उभी आहे. वाचक एकदा चकित होतो, डोळे पुसतो आणि सलीमला अपवादाच्या यादीत टाकून मोकळा होतो. दुसऱ्या वाचनात तर काहीच उरत नाही. भेदिक शंभरदा ऐकता येते. ही कथा दोनदा वाचता येत नाही.

यावर एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. 'पहिल्याच ओळीत नाव सांगितले तर मुस्लिमेतर वाचक पुढे वाचणारच नाही. त्याला आत आणायला हा वेष लागतो. अमरही वेष पालटूनच आत शिरत होता ना?' आक्षेप चतुर आहे. पण अमरच्या वेषात आणि या वेषात एक फरक आहे. अमरचा वेष अमरने घेतलेला असतो आणि श्रोता अमरच्या बाजूला बसून तो पाहतो. सलीमचा वेष सलीमने घेतलेला नाही. लेखकाने त्याला न विचारता तो चढवलेला आहे, आणि आपला वाचक, ज्याला पहिल्या परिच्छेदातच सारे कळलेले असते, तो त्या गोष्टीत कुठेच बसवलेला नाही.

नाव लपवण्याची गोष्ट लिहूच नये, असा याचा अर्थ होत नाही. उलट ती लिहिण्याजोगी आहे, कारण ती आपल्या आयुष्यात घडते. शहरात खोली मिळावी म्हणून फोनवर दुसरे नाव सांगणारा पोरगा आहे. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून दुकानाच्या पाटीवर आडनाव न घालणारा कारागीर आहे. आईला चारचौघांत 'आई' म्हणावे की 'अम्मी', याचा विचार करणारी विद्यार्थिनी आहे. ही खरी आजची अय्यारी. पण तीत लपवणारा स्वतः पात्र आहे, वाचकाला गुपित ठाऊक आहे, आणि ते उघडे पडेल का, कधी पडेल, पडल्यावर समोरचा काय करील, याची धाकधूक पानोपानी आहे. अमर वेष पालटत होता तो किल्ला जिंकायला. हा पोरगा वेष पालटतो तो दहा बाय दहाच्या खोलीसाठी. या दोन वाक्यांमधल्या अंतरात एक अख्खी कादंबरी मावेल.

आणि दंगलीची कथा? तिच्यासाठी आम्ही कुस्तीकडे बोट दाखवू. लपवायला जागाच नसलेल्या मैदानातही अचंबा घडतो. पहिल्याच ओळीत लिहावे की सलीम शिकलगाराने दार उघडले. चटई भिंतीशी गुंडाळलेली आहे, अम्मी आतून खोकते आहे, घरात दोन वयात आलेल्या मुली आहेत. बाहेर जमाव आहे आणि दारात परक्याचे कुटुंब. आता वाचकाला सारे ठाऊक आहे, एकच गोष्ट सोडून : हा माणूस काय करील? त्याला भीती वाटते आहे. आपल्या लोकांचीही वाटते आहे. मुली नको म्हणताहेत. क्षणभर तो दार लोटतोही. आणि मग ते उघडतो. हा खरा डाव. तो त्या माणसाने टाकला आहे, लेखकाने नव्हे. वाचक चकित होईल तो सलीम मुसलमान निघाला म्हणून नाही, तर इतके घाबरलेल्या माणसाला एवढे बळ कुठून आले म्हणून. हा अचंबा दुसऱ्या वाचनात वाढतो.

कलगी-तुऱ्याच्या फडात सवाल टाकणाऱ्याने आपला भेद आपणच उकलायची तयारी ठेवायची असते. आपल्या कथाकारांकडून आम्ही तेवढीच अपेक्षा करतो. शेवटच्या ओळीत नाव उच्चारून टाळी घेण्याआधी, तेच नाव पहिल्या ओळीत लिहून गोष्ट उभी राहते का ते एकदा पाहावे. उभी राहिली तर ती छापायला द्यावी. राहिली नाही, तर जादू झोळीत नव्हतीच असे समजून पुन्हा लिहायला बसावे.